खालचे आठ बिट

फाइल तिसऱ्यांदा परत आली तेव्हा रेणुका धांडेनं कीबोर्ड उचलून टेबलावर आपटला, आणि लगेच तो मोडला तर नाही ना म्हणून उलटापालटा करून पाहिला. मोडला नव्हता. सकाळपासून तेवढीच एक गोष्ट तिच्या मनासारखी झाली होती.

फोनवर नागपूरच्या दवाखान्यातल्या आवाज विभागाच्या डॉ. मोनाली मेश्राम होत्या. त्यांचा स्वर समजूतदार होता, म्हणूनच रेणुकाला तो सहन होत नव्हता.

"रेणुका, चिडू नको. पण खालचे आठ बिट पुन्हा रिकामेच आहेत."

"फाइलवर चोवीस बिट लिहिलेलं आहे मॅडम! मी स्वतः पाहिलं."

"डब्यावर बासुंदी लिहिलं म्हणून आत बासुंदी असते का? वरचे सोळा खरे आहेत, खालच्या आठांत नुसती शून्यं भरलीत. हे बघ, आज शुक्रवार. सोमवारी ऑपरेशन आहे. त्यानंतर तू मला कितीही चांगली फाइल दिलीस तरी मी ती कुठे वापरू?"

रेणुकानं फोन ठेवला. नागपूरच्या एका स्टुडिओत ती सहा वर्षं ध्वनिमुद्रणाचं काम करत होती. लोकांचं खाकरणं, पंख्यांची घरघर, शेजारच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या काढून आवाज धुऊनपुसून देणं हा तिचा धंदा. आणि आता वडशाला स्वतःच्या घरी, स्वतःच्या बापाचा आवाज तिला एका खोक्यातून दुसऱ्या खोक्यात नेता येत नव्हता. डोकं फिरायला आणखी काय लागतं?

तिचे वडील भास्कर धांडे म्हणजे झाडीपट्टीच्या रंगभूमीवरचा नावाजलेला खलनायक. दिवाळी सरली की होळीपर्यंत इकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्रभर नाटकं चालतात. त्या नाटकांत गेली तीस वर्षं भास्कर धांडेनं जमिनी बळकावल्या, सुना छळल्या, भावाभावांत भांडणं लावली आणि शेवटच्या अंकात न चुकता मार खाल्ला. पडद्यामागून त्याचं नुसतं हसणं आलं तरी मांडवातली झोपलेली पोरं उठून बसत. तीस वर्षांच्या त्या ओरडण्यानं जे झालं नाही ते तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं केलं. गळ्यात गाठ निघाली, आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल म्हणून सांगितलं.

दहा वर्षांपूर्वी गोष्ट इथेच संपली असती. माणूस वाचला असता आणि पाटीवर लिहून बोलला असता. पण आता कंठिका आली होती. बोटाच्या पेराएवढं हे यंत्र काढलेल्या स्वरयंत्राच्या जागी बसवतात. स्वरयंत्र गेलं तरी मेंदू गळ्याकडे हुकूम पाठवायचा थांबत नाही. ते हुकूम मज्जातंतूतून येतात, कंठिका ते वाचते आणि त्याबरहुकूम आवाज काढते. सुरुवातीच्या रुग्णांना सरसकट एकच कारखानी आवाज दिला गेला. तो गोड होता, स्पष्ट होता, आणि त्यातले निम्मे लोक महिनाभरात बोलायचे बंद झाले. 'हे मी बोलत नाही, दुसरंच कोणी बोलतंय,' असं ते लिहून दाखवत.

मग शोध लागला तो थरथरीचा. माणसाच्या आवाजावर त्याची जी खास खूण असते ती आवाजाच्या भरीव भागात नसतेच. शब्द फुटायच्या आधी आणि शब्द विरताना गळ्यात एक अतिशय बारीक थरथर होते, ती प्रत्येकाची वेगळी. कानाला ती ऐकू येत नाही, पण मेंदू आपली थरथर बरोबर ओळखतो. ती कंठिकेत भरली तरच मेंदू म्हणतो, हा मीच. आणि हे एकदाच जमतं. ऑपरेशननंतर मज्जातंतू त्या थरथरीभोवती जुळून येतो आणि पक्का होतो. पुढे बदल करायला गेलं की तो दाद देत नाही.

आता ही थरथर पकडायची तर आवाज चोवीस बिटांत मोजावा लागतो. सोळा बिट म्हणजे आवाजाच्या उंचीचा पासष्ट हजार पायऱ्यांचा जिना. गाणी ऐकायला, बातम्या ऐकायला तो पुरून उरतो. चोवीस बिटांत त्यातल्या प्रत्येक पायरीच्या आत आणखी दोनशे छप्पन्न पायऱ्या असतात. थरथर राहते ती तिथे, खालच्या आठ बिटांत. रेणुकाचा कॉम्प्युटर नेमक्या त्याच पायऱ्या झाडून टाकत होता आणि वर चोवीस बिटांचं लेबल लावून मोकळा होत होता.

रुग्णाला घरच्या मोकळेपणानं बोलता यावं म्हणून आवाजाचे आकडे करणारा कन्व्हर्टर दवाखान्यानंच घरी दिला होता. तो एक सीलबंद काळा डबा होता. त्याला एक माइक आणि एक केबल. डबा चांगला होता. पण केबल जोडली की कॉम्प्युटर त्याला आपल्याकडचा सर्वसाधारण ड्रायव्हर लावायचा. ड्रायव्हर म्हणजे डबा आणि कॉम्प्युटर यांच्यातला दुभाषी. हा दुभाषी सोळा बिटांपलीकडचं ऐकायलाच तयार नव्हता.

"झालं का नाई अजून?" बाबा दारात येऊन उभे राहिले. त्यांचा आवाज आताशा फाटल्यासारखा येई. डॉक्टरांनी मोजकंच बोलायला सांगितलं होतं. जो काही आवाज शिल्लक होता तो माइकसाठी जपायचा होता, आणि तीन वेळा तो माइकसमोर खर्च होऊन वाया गेला होता. हे रेणुकाला आतून कुरतडत होतं.

"तुम्ही बोलू नका बाबा. खुणेनं सांगा."

बाबांनी खुणेनं चहा विचारला. तिनं खुणेनंच नको म्हटलं.

कन्व्हर्टर बनवणारी कंपनी दोन वर्षांपूर्वी बंद पडली होती. तिचा खास ड्रायव्हर रेणुकानं शोधून काढला, तर कॉम्प्युटरनं तो बसवून घ्यायला साफ नकार दिला. ड्रायव्हरवरच्या डिजिटल सहीची मुदत संपली आहे म्हणे. सही करणारी कंपनीच राहिली नाही तर नवी सही कोण देणार? शुक्रवारची अख्खी दुपार त्यात गेली. शेवटी कॉम्प्युटर सुरक्षित मोडमध्ये चालू करून, सहीची तपासणी बंद करून, तिनं तो ड्रायव्हर आत घुसवला.

तिच्याकडे एक लहानसा प्रोग्रॅम होता. चोवीस बिटांचे चोवीस दिवे तो पडद्यावर दाखवी. आतापर्यंत वरचे सोळा नाचत आणि खालचे आठ मेल्यासारखे काळे राहत. नवा ड्रायव्हर बसल्यावर तिनं माइकवर टिचकी मारली, तर चोवीसच्या चोवीस दिवे एकदम पेटले. ती आनंदानं ओरडणार तेवढ्यात हेडफोनमधून असा फुस्सकारा आला की तिनं तो काढून फेकला.

"साप निंगाला का व आत?" आईनं स्वयंपाकघरातून विचारलं. तिथवर आवाज गेला होता.

साप नव्हता, तर आकड्यांच्या डब्यांचा घोळ होता. नवा ड्रायव्हर चोवीस बिट बत्तीस बिटांच्या डब्यात घालून पाठवत होता, म्हणजे चार खणांचा डबा, त्यातले तीन भरलेले आणि एक रिकामा. ध्वनिमुद्रणाचा प्रोग्रॅम मात्र तीन-तीन खण मोजून उघडत होता, त्यामुळे पहिल्याच डब्यानंतर भात वरणात आणि वरण ताकात अशी सगळी सरमिसळ. कारण कळल्यावर ते सुधारायला काहीच वेळ लागला नाही. कारण कळायलाच शनिवारची दुपार उजाडली होती.

"बाबा, या. पटकन."

पण माइकसमोर बाबांना नुसतं उभं करून भागत नसे. झाडीपट्टीच्या रंगमंचावर माइक वरून टांगलेले असतात. ज्याचं वाक्य असेल त्यानं माइकखाली यायचं, वाक्य फेकायचं, आणि दुसऱ्याची पाळी आली की दोन पावलं मागे व्हायचं. तीस वर्षांची ही सवय. टेबलावरच्या माइककडे तोंड करून त्यांना बोलताच येईना, तेव्हा पहिल्याच दिवशी रेणुकानं तो छताच्या कडीला टांगला होता.

दवाखान्यानं वाचायला दिलेली वाक्यं अगदी साधी होती. बाबा माइकखाली आले, छाती भरून घेतली, भुवया चढवल्या आणि गरजले, "आज सकाळी... मी... चहा घेतला!"

"बाबा! चहा पिण्यात एवढा खुनशीपणा कशाला?"

बाबा लगेच दोन पावलं मागे सरकले, कारण आता तिची पाळी होती. मागे गेल्यावर त्यांचा आवाज एकदम साधा झाला. "माइक दिसला का आपोआप येते ना माय. मी का करू?"

"घरात बोलता तसं बोला ना."

"त मंग राहू दे ना हाच आवाज. देऊन टाक दवाखान्यात. लोक ह्याच आवाजानं वळखतेत मले."

"आणि मी? मी कोणत्या आवाजानं ओळखते तुम्हाला?" रेणुकाचा तोल गेला. "तुमच्या सीझनमध्ये अर्धं वर्ष तुम्ही घरी नसायचे. उरलेलं अर्धं वर्ष जो आवाज घरात होता तो माझा आहे. मला तो पाहिजे. त्या खलनायकाला घरात बसवून मी काय करू? दोन आवाज देता येत नाहीत, मॅडमनं सांगितलं आहे. एकच सूर द्यावा लागतो, नाहीतर मज्जातंतू गोंधळतो."

बाबांनी हातातला वाक्यांचा कागद सरळ केला. मग म्हणाले, "बरं. तू म्हनशील तसं."

त्यांना वाईट वाटलं हे तिला दिसलं होतं. पण खालचे दिवे तपासायचे होते, म्हणून ती पडद्याकडे वळली. खालचे आठही दिवे काळे होते.

पडद्याच्या कोपऱ्यात सोबतीचा हसरा चेहरा उगवला. सोबती म्हणजे कॉम्प्युटरबरोबर फुकट येणारा आणि हाकलला तरी न जाणारा मदतनीस. "नमस्कार रेणुका! तुमच्या बोलण्यातला गोंगाट मी दूर केला आहे. ऐकण्याचा अनुभव आता अधिक सुखद झाला आहे."

"तुला कोणी सांगितलं होतं?"

"तुमची सोय हाच माझा आनंद आहे."

रेणुकाचं पित्त खवळलं. या सोबतीला मालकाची हाक ऐकायला चोवीस तास कान उघडे ठेवावे लागत, म्हणून घरात कोणताही माइक जोडला की हा थोड्याच वेळात त्यावर ताबा मिळवी. त्याला स्वतःला सोळा बिट पुरत असल्यामुळे तो सगळ्या यंत्रणेला सोळावर आणून ठेवी, आणि थरथर म्हणजे गोंगाट समजून पुसून टाकी. तिनं त्याला बंद केलं. कॉम्प्युटर अद्ययावत झाला आणि तो परत आला. तिनं मुळासकट काढला, तर कॉम्प्युटरनं 'एक आवश्यक घटक हरवला आहे' म्हणून तो आपणहून पुन्हा आणून बसवला. यात सगळ्यात जास्त झोंबत होतं ते हे, की तो जे करत होता तेच ती पोटासाठी रोज करत होती. कुणाच्या आवाजातलं काय टाकायचं हे तीही कुणाला विचारत नसे.

रविवारी सकाळी बाबांचा आवाज आणखी बसला होता. आईनं ज्येष्ठमधाचं पाणी केलं, ते ते घोट घोट घेत राहिले. रेणुकानं हात टेकले होते. तरी तिनं एकदा शेवटचं म्हणून इंटरनेटची वायर उपटली, म्हणजे बाहेरून कोणी काही आणून बसवणार नाही. मग सोबती काढला. मग ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये जाऊन कन्व्हर्टरवर फक्त आपल्या प्रोग्रॅमचा हक्क ठेवला आणि बाकी सगळ्यांना दार बंद केलं. माइकवर टिचकी मारली.

वरचे सोळा दिवे नाचले. आणि खाली, इतके दिवस मेलेले ते आठ दिवे मुंग्यांच्या रांगेसारखे लुकलुकू लागले. तिनं श्वास रोखला तरी ते थांबले नाहीत. खोलीतल्या शांततेतही काही ना काही होतंच, आणि ते आता मोजलं जात होतं.

"बाबा," ती म्हणाली, आणि टांगलेल्या माइककडे बोट दाखवलं.

बाबांनी वाचायला सुरुवात केली. माइकखाली येत, वाक्य फेकत, मागे होत. रेणुका मधेच थांबवी, दिवे तपासी, कॉम्प्युटरला शिव्या घाली, पुन्हा सुरू करी. आवाज खलनायकाचाच येत होता. घरच्यासारखं बोलायचा ते जिवापाड प्रयत्न करत होते हे दिसत होतं, पण माइकखाली आले की छाती आपोआप पुढे येई. तिला हसूही येईना आणि रडूही. दुपार होईतो त्यांच्या गळ्यातून नुसती हवा येऊ लागली. त्यांनी हात जोडले. रेणुकानं मान हलवली. जेवढं होतं तेवढं झालं होतं.

मग ती एकटी ऐकायला बसली. फाइल पाठवायची म्हणजे आधी स्वच्छ करायची, हे हाताला लागलेलं वळण. वाक्यांमधल्या रिकाम्या जागा कापण्यासाठी तिनं पहिली जागा निवडली, आणि थांबली. पडद्यावर ती जागा रिकामी दिसत होती. पण खालचे आठ दिवे तिथेही हलत होते.

तिनं तेवढाच तुकडा घेऊन आवाज वाढवत नेला. आधी फ्रिजची घूं ऐकू आली. मग स्वयंपाकघरातल्या भांड्याला लागलेला चमचा. मग तिचा स्वतःचा आवाज, कॉम्प्युटरला शिव्या देणारा. आणि त्याच्याही मागे, माइकपासून दूर झालेला, दारात उभा राहून स्वयंपाकघराकडे बोलणारा बाबांचा घरचा आवाज. सोळा बिटांत तो शून्य झाला असता. इथे तो होता, बारीक, पण सगळ्या थरथरीसकट. प्रत्येक वाक्यानंतर ते मागे सरकले होते आणि काही ना काही पुटपुटले होते. पाणी मागितलं होतं, कुणाची तरी चौकशी केली होती. सगळे तुकडे जोडले तर दवाखान्याला पुरतील एवढे सहज होते. तिला हवा तो आवाज आपणहून तिच्या हातात आला होता. ती एकटीच हसली, आणि पुढचा तुकडा लावला.

"रेनूची माय, पोरीले सांगू नको," बाबा म्हणत होते. "मले तोच आवाज पायजे होता. स्टेजवरचा. त्याच्याबिगर मी कोन? घरी त मी पाहुन्यावानीच रायलो."

आई काहीतरी बोलली, ते ऐकू आलं नाही.

"नाई, नाई. तिचं मन मोडू नको. पोर तीन दिवसांपासून त्या डब्यासंगं भांडून रायली माह्यासाठी. घरचा त घरचा. तिले आयकाले बरं वाटीन."

रेणुकानं हेडफोन काढला. तिला रागच आला. बाबांचा आला, की तोंडावर का नाही सांगितलं. आईचा आला, की ऐकून गप्प का बसली. मग तो राग फिरून स्वतःवर आला, कारण तोंडावर सांगितलं होतं की. हाच आवाज राहू दे, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, आणि तिनं ते ऐकूनही टाकून दिलं होतं.

तिनं दोन फाइली केल्या. एकीत माइकखालचा आवाज, दुसरीत मागे सरकलेला. इंटरनेटची वायर पुन्हा जोडली. पाठवायची एकच होती. दुसरी पाठवली असती तर कुणाला काही कळलं नसतं. बाबा तर त्याचीच तयारी ठेवून बसले होते. ती बराच वेळ त्या दोन नावांकडे बघत राहिली. तिला तो घरचा आवाज इतका हवा होता की माउस आधी दुसऱ्या फाइलवरच गेला. तिनं पहिली फाइल पाठवली आणि कॉम्प्युटर बंद केला.

थोड्या वेळानं डॉ. मेश्रामांचा फोन आला. "चोवीसच्या चोवीस बिट आहेत! शाब्बास. पण रेणुका, तुझे बाबा घरात असेच बोलतात का ग?"

"नाही मॅडम," रेणुका म्हणाली. "पण आता बोलतील."

ऑपरेशन नीट पार पडलं. जखम भरेपर्यंत कंठिका बंद ठेवली होती, त्यामुळे दिवाळी उलटेपर्यंत बाबा मुकेच होते. ती सुरू करायची त्या सकाळी वॉर्डात आई होती, रेणुका होती आणि डॉ. मेश्राम होत्या. शेजारच्या खाटेवर एक म्हातारबुवा झोपले होते. कोणता आवाज येणार हे बाबांना कुणी सांगितलं नव्हतं; पोरीनं काटछाट करून घरचाच पाठवला असेल, असं ते धरून चालले होते. रेणुकाला धीर झाला नव्हता.

डॉक्टरांनी गळ्याजवळ एक लहान यंत्र धरलं, काहीतरी दाबलं आणि म्हणाल्या, "धांडेकाका, बोला आता. काहीही बोला."

बाबांनी आईकडे पाहिलं, मग रेणुकाकडे. ओठ हलले.

"रेनू! जेवली... का... तू?"

शेजारचे म्हातारबुवा दचकून उठून बसले. बाहेरच्या नर्सच्या हातातला ट्रे खाली पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ ती दारातून आत डोकावली. मांडवभर घुमणारा, जमिनी बळकावणारा, सुना छळणारा तो आवाज छोट्याशा खोलीत मावत नव्हता. बाबांनी चमकून आपल्या गळ्याला हात लावला. मग त्यांना कळलं. त्यांचा चेहरा असा काही उजळला की आई तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली.

"तू... हा... पाठवला?" बाबा गरजले.

रेणुकानं मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. या आवाजात बाबा आता पाणी मागणार होते, आजारी पडले की कण्हणार होते, तिला फोन करणार होते. तो साधा, हळू आवाज या घरात पुन्हा कधीच येणार नव्हता. तिला तो आत्ता, या क्षणी हवा होता, आणि बाबांच्या तोंडाकडे पाहिलं की केलं ते बरोबर केलं हेही तिला दिसत होतं.

बाबांनी तिला बोटानं जवळ बोलावलं. ती खाटेच्या कडेला बसली. त्यांनी तिचं डोकं आपल्याकडे ओढून कानाला तोंड लावलं.

"रडू नको ना माय!"

तिच्या कानठळ्या बसल्या. "हळू ना बाबा," ती म्हणाली, "सगळे पाहून राहिले."

"हळूच... बोलून... रायलो!"

दारात आता तिघी-चौघी नर्स जमल्या होत्या. रेणुकानं कान मागे घेतला नाही.